सोमवारची जोडी

आमच्या प्रयोगशाळेत कोणी वारलं की ऑफिसातून एक कागद येतो. दिवंगत सहकाऱ्याविषयी चार ओळी लिहून द्याव्यात, फळ्यावर लावायच्या आहेत. घाश्या गेला तेव्हा तो कागद माझ्या टेबलावर आला. काय लिहायचं असा प्रश्न पडू नये म्हणून मागच्या वेळचा नमुनाही टाचणी लावून जोडला होता. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सदा हसतमुख. वाचूनच माझं डोकं फिरलं. घाश्या आणि हसतमुख! बत्तीस वर्षांत मी त्याला दात दाखवून हसताना फार तर दहा वेळा पाहिलं असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तो माझ्या फजितीवर हसत होता.

तो कागद मी चुरगळून टोपलीत टाकला. आता लिहितोय ते फळ्यासाठी नाही. यात घाश्या आहे तितकाच मीही आहे, आणि माझ्याबद्दल चांगलं असं यात फारसं काही नाही. आधीच सांगून ठेवतो.

घाश्या हे नाव मीच ठेवलेलं. त्याचं काम घासण्याचं. मोठमोठे शास्त्रज्ञ धातूंवर जे प्रयोग करायचे त्यासाठी लागणारे नमुने तो तयार करायचा. बोटाच्या नखाएवढी चकती, जेमतेम एक मिलिमीटर जाड. ती कापायची, खरखरीत कागदावर घासायची, मग त्याहून बारीक कागदावर, मग आणखी बारीक, शेवटी मखमली कापडावर पेस्ट लावून, इतकी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. मी शेजारच्या वर्कशॉपमध्ये. लेथ, ड्रिल, प्रेस, गॅसची बत्ती, हातोडे. म्हणून त्याने माझं नाव ठोक्या ठेवलं. साहेबलोक आम्हाला आडनावांनी हाका मारायचे तेव्हा आम्ही दोघंही इकडेतिकडे बघायचो, कोणाला बोलावताहेत म्हणून.

आमची प्रयोगशाळा कसली, तेही सांगतो. मी शिकलेला नाही फार, मला घाश्याने सांगितलं तसंच सांगतो. धातू बाहेरून भरीव दिसतो. आत अणू रांगेने बसलेले असतात आणि रांगेत मधेच एखादी जागा रिकामी असते. ती रिकामी जागा कुठल्या साध्या भिंगातून दिसायची नाही. तिचा पत्ता काढायला आमच्याकडे पॉझिट्रॉन सोडतात. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सख्खा भाऊ, पण उलट्या भाराचा. दोघं भेटले की दोघंही संपतात. गच्च भरलेल्या धातूत पॉझिट्रॉन पटकन संपतो. रिकाम्या जागेत अडकला तर जरा जास्त जगतो, कारण तिथे त्याला गाठायला इलेक्ट्रॉन कमी. तो किती जगला ते मोजायचं आणि त्यावरून आत काय बिघडलंय ते ओळखायचं. किती जगतो? सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा, त्यातले दीडशे-दोनशे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, "एवढ्याशा आयुष्याचं एवढं कौतुक?" घाश्या म्हणाला, "त्या एवढ्याशात तो खोटं बोलत नाही. तू इतक्या वर्षांत किती वेळा बोललास?" तेव्हा मी हसलो होतो.

नमुना नेहमी जोडीने लागतो. एकाच तुकड्यातून कापलेल्या दोन चकत्या, आणि मधे किरणोत्सारी मिठाचा वाळलेला थेंब, पातळ पापुद्र्यांत बंद केलेला. दोन्ही बाजूंना दोन मोठे डोळे लावलेले असतात, एक पॉझिट्रॉन जन्मल्याची खूण टिपतो, दुसरा मेल्याची. आणि दर सोमवारी सकाळी, काही काम सुरू करायच्या आधी, यंत्रात एक ओळखीची जोडी ठेवायची, जिचा आकडा आधीपासून पाठ आहे. आकडा तोच आला तर यंत्र ठीक. त्याला तासभर लागायचा. त्या वेळात घाश्याला काही काम नसायचं. मग तो मला चहाला बोलवायचा. ही सोमवारची जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाश्याचा एक नियम होता. घाई करायची नाही. करवतीवर तेलाची धार, वेग गोगलगाईचा. "जोरात कापलं की धातू तापतो, आत ओरखडे पडतात, आणि मग पॉझिट्रॉन धातूबद्दल सांगायचं सोडून तुझ्या हाताबद्दल सांगत बसतो," म्हणायचा. शेवटी चकती तेजाबात बुडवून घासलेला वरचा थरही काढून टाकायचा. म्हणजे आधी तासन् तास घासा आणि मग ते घासणंच धुऊन टाका! मी कपाळावर हात मारायचो. आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत, त्या मात्र परदेशी पाहुण्यांना त्याच्या टेबलापाशी आवर्जून घेऊन जायच्या. पाहुणे हात पुढे करायचे आणि घाश्या म्हणायचा, "हाताला पेस्ट आहे," आणि पाठ फिरवायचा. असला मनमिळाऊ.

माझं लग्नबिग्न काही झालं नाही. स्वभावच असा, की कोणी दोन दिवस टिकलं नसतं. जेवायला आठवड्यातून तीनदा तरी घाश्याकडे. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी वहिनींचं शिवणयंत्र, कपाटावर कापडांचे गठ्ठे, आणि सगळीकडे दोऱ्याचे तुकडे. माझ्या पायमोज्यांना चिकटून ते माझ्या घरापर्यंत यायचे. वहिनी मला भाऊजी म्हणायच्या, आणि भांडी घासायला लावायच्या, "त्यांचं घासणं प्रयोगशाळेत, तुमचं इथे."

त्यांचा एकुलता एक मुलगा. लांबू. बारा वर्षांचा होईपर्यंत बापाच्या डोक्याला लागला होता उंचीने, आणि पुढेही थांबला नाही. पण हातपाय त्याला कधी जमलेच नाहीत. दारातून गेला की खांदा आपटायचा, उठला की खुर्ची पडायची. वहिनींचा एकच शब्द दिवसभर चालायचा, "धांदरट. धांदरट कुठला." त्या शब्दात माया होती हो. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही. एकदा मी त्याला नवा हातोडा दिला, तर पहिल्या दिवशीच स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला आणि वर म्हणतो, "काका, हातोडा चांगला आहे, अंगठाच मधे येतो."

मोठा झाल्यावर तो दुकानांच्या पाट्या लावायचं काम करू लागला. आम्हाला सगळ्यांना धक्का बसला, कारण हा शिडीवर चढणार म्हणजे काय! पण गंमत बघा, शिडीवर चढला की तो वेगळाच माणूस व्हायचा. पाय बरोबर जागी, हात स्थिर. मी स्वतः उभं राहून पाहिलंय. जमिनीवरच त्याचं बिनसायचं.

तो चोवीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याची ॲल्युमिनियमची शिडी टेम्पोतून उतरवताना पडली आणि तिचा एक पाय वाकला. घाश्या म्हणाला, "ठोक्याकाकाकडे ने." संध्याकाळी पाचच्या सुमाराला लांबू शिडी खांद्यावर टाकून वर्कशॉपमध्ये आला, येताना दाराला ठोकलीच. उद्या सकाळी एक मोठी पाटी लावायची होती त्याला. मी म्हटलं, बस, दहा मिनिटांत देतो.

आता मी काय केलं ते ऐका. मी लोखंडाचा माणूस. वाकलेलं लोखंड थंड ठोकलं तर चिरतं. तापवलं की मेणासारखं येतं. वीस-पंचवीस वर्षं हाताला तेच वळण. मी बत्ती पेटवली आणि शिडीच्या पायावर धरली. प्रयोगशाळेच्या प्रत्येक भिंतीवर तक्ते लावलेत की असला कडक केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तापवला की त्याची ताकद जाते. आतल्या बारीक बारीक गाठी, ज्यांच्यामुळे तो कडक असतो, त्या मोडतात, आणि धातू मऊ पडतो. ते तक्ते मी रोज पाहायचो आणि घाश्याला चिडवायचो, "तुमचे हे नाजूक धातू!" लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही, आहे तसंच चकाकत राहतं. मला वाटलं, पुरेसं तापलं नाही, म्हणून आणखी धरली. मग प्रेसमध्ये दाबली. सरळसोट झाली. जाळाचा काळा डाग पडला होता तो चिंधीने पुसला, सगळा गेला नाही. लांबू म्हणाला, "काका, नव्यासारखी झाली की!" आणि गेला. जाताना पुन्हा दाराला ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला औषधांच्या दुकानापुढे तो तिसऱ्या पायरीवरून वर चढला, पाटीचा एक कोपरा लावला, आणि खाली आला. डोकं दुकानाच्या दगडी पायरीवर. दुपारपर्यंत जगला.

चौकशी झाली. चौकशी कसली, एक माणूस आला, दोन प्रश्न विचारले आणि लिहून गेला. एका बघ्याने सांगितलं, पोरगा फार वाकला होता. शिडीचा पाय मोडलेला सापडला, तर म्हणे पडताना मोडला. अहवालात लिहिलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. गल्लीतल्या लोकांनाही ते पटलं, कारण सगळ्यांनी त्याला कधी ना कधी दाराला धडकताना पाहिलं होतं.

आणि वहिनी. त्या सकाळी निघताना लांबूच्या हातून चहा सांडला होता, एका गिऱ्हाइकाच्या शिवून ठेवलेल्या पांढऱ्या कपड्यावर. वहिनी भडकल्या. म्हणाल्या, "धांदरट कुठला! एक दिवस हातपाय मोडून घेशील तेव्हा कळेल." तो शिडी घेऊन निघून गेला. ते शेवटचे शब्द. हे त्यांनीच मला सांगितलं, एकदाच.

महिन्याभराने मी जेवायला गेलो होतो. ताट तसंच होतं सगळ्यांचं. वहिनी घाश्याला म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर धातूच्या आतलं बघता ना? मग मोडकी शिडी घरात पडलीय ती न्या आणि बघून सांगा. पाय आधी मोडला की तो आधी पडला. माझ्या पोराची चूक होती का, एवढंच मला सांगा. चूक असेल तर असेल. पण मला कळू द्या."

घाश्याने मान डोलावली. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला. लेथ चालू होता, मी मुद्दाम बंद केला नाही. त्याने स्वतःच बटण दाबून बंद केला. म्हणाला, "ठोक्या, त्या दिवशी पाय सरळ कसा केलास?"

मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो, "प्रेसमध्ये दाबून. थंडच."

असं का बोललो, ते मी हजार वेळा स्वतःला विचारलंय. भीती, दुसरं काय. लांबू मला काका म्हणायचा, त्या घरात माझं ताट असायचं. खरं बोललो असतो तर दोन्ही गेलं असतं, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं रोज वाटायचं की आता तो येईल, आता विचारेल. तो फक्त "बरं" म्हणाला आणि गेला.

पुढचे दोन आठवडे मी त्याला काचेच्या दारातून पाहत होतो. मोडलेल्या जागेपासून चार बोटं वर त्याने पाय कापला, तेलाच्या धारेखाली, एका मिलिमीटरला अर्धा तास लावून. दुसऱ्या, न वाकलेल्या पायातूनही तसाच एक तुकडा. मग घासत बसला. मुलाची शिडी घासत होता तो, आणि त्याचा हात नेहमीइतकाच सावकाश चालला होता. एकदा फक्त थांबला, चकती प्रकाशात धरली, आणि बराच वेळ तशीच धरून राहिला. मी दार उघडून आत जावं, पाय धरावे, सांगून टाकावं, असं मनात आलं. हात दाराच्या मुठीपर्यंत गेलाही. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि मी काहीतरी स्क्रू मागायला आल्यासारखं करून परत फिरलो.

मोजणी झाली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. वहिनींनी शिवणयंत्र थांबवलं आणि नुसतं त्याच्याकडे पाहिलं. घाश्या म्हणाला, "काही ठरत नाही. पडताना पायाला इतका मार लागलाय की आधीचं काही वाचता येत नाही." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कळणार नाही?" तो म्हणाला, "नाही." त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. मला इतकं हायसं वाटलं की मला माझीच लाज वाटली. पण लाज फार दिवस टिकत नाही, हायसं वाटणं टिकतं.

त्यानंतर घाश्याने सोमवारच्या तपासणीत एक दुसरी जोडी वाढवली. पहिली शुद्ध ॲल्युमिनियमची होती, नेहमीची. दुसरी एका छोट्या पत्र्याच्या डबीत ठेवलेली, वर नुसतं "ब" लिहिलेलं. तिचा आकडा एकशे बहात्तर यायला हवा, म्हणाला. डॉक्टरबाईंना वाटलं, चांगलंच आहे, दोन जोड्यांनी यंत्र नीट तपासलं जाईल. मीही विचारलं नाही. विचारायचं कशाला? माझ्यासाठी सोमवार म्हणजे चहा. दुसऱ्या जोडीमुळे चहा दोन तासांचा झाला, एवढाच फरक.

अकरा वर्षं. दर सोमवारी. तो मला बोलवायचा, समोरच्या स्टुलावर बसवायचा, यंत्र सुरू करायचा, आणि गप्प बसायचा. आधी कधी तो असा गप्प नसायचा, तक्रारी तरी करायचा, कागद खराब आला, कापड फाटलं. आता नुसता कप हातात धरून माझ्याकडे बघत राहायचा. मी बडबड करायचो. हवा, पगार, नवा लेथ, डॉक्टरबाईंची गाडी. तोंडाला कुलूप लावून बसणारा तो, आणि टकळी चालवणारा मी. मला वाटायचं, मुलगा गेल्यापासून त्याचं बोलणंच गेलं. मला त्याची कीव यायची. बघा म्हणजे, मला त्याची!

वहिनी मात्र बदलल्या. लांबूचा विषय निघाला की ओठ घट्ट मिटायच्या. त्याचा फोटो त्यांनी लावला नाही. एकदा शेजारीण म्हणाली, गुणी पोर होतं हो, तर वहिनी म्हणाल्या, "गुणी असता तर बघून पाय टाकला असता." मी भांडी घासत होतो. घासत राहिलो.

मग गेल्या वर्षी घाश्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. निवृत्तीला चार महिने होते. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशीनला जोडायचे, पुढे तिथेच ठेवून घेतला. एका सोमवारी सकाळी मी गेलो. खिडकीपाशी खाट होती, ऊन पांघरुणावर आलं होतं. हात सुजलेले, पण नखं अजून स्वच्छ, कापलेली.

म्हणाला, "आज जोडी ठेवली का कोणी?"

"ठेवली असेल तुझ्या जागी आलेल्या त्या नव्या मुलीने. तू पड गप."

"ब जोडी कशाची आहे, माहीत आहे तुला?"

"मला काय माहीत? तुमचं तुम्हाला."

"लांबूच्या शिडीची आहे. मोडक्या पायाची."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, त्याला किल्ली सापडत नव्हती.

घाश्या सावकाश बोलत होता, नमुना कापताना असायचा तसा. "चांगल्या पायाचा आकडा दोनशे दहा आला. वाकलेल्याचा एकशे बहात्तर. थंड दाबला असतास तर दोनशे दहाच्या वर गेला असता, खाली नाही. दाबल्याने आत जखमा वाढतात. खाली फक्त जाळाने येतो."

मी म्हणालो, "मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. दर सोमवारी तुला समोर बसवत होतो. ती जोडी आत ठेवून. वाटायचं, आज बोलेल."

"मी... घाश्या, अरे, मी..."

"थांब. माझं संपू दे." त्याने पाणी मागितलं. एक घोटच मिळायचा त्याला. "त्या संध्याकाळी लांबूने शिडी घरात आणली तेव्हा पायावरचा काळा डाग मी पाहिला होता. जाळाचा डाग मला कळणार नाही होय? पाहिला, आणि ताटं वाढली होती म्हणून म्हटलं, सकाळी विचारू. सकाळी मी उठायच्या आत हिच्याशी भांडून तो गेला होता. म्हणजे मी कोणत्या तोंडाने तुला बोलणार होतो? आणि हिला सांगायचं तर दोघांचं सांगावं लागलं असतं. माझी जीभ उचलली नाही. तुझी उचलली असती तर तिच्या मागून माझीही उचलली असती."

मी रडलो. लाज न बाळगता रडलो. नर्स येऊन बघून गेली. घाश्या रडला नाही. एवढंच म्हणाला, "हिला सांग. माझं पण सांग. पोर नीट उभं होतं, हे तिला कळायला पाहिजे." आणि मग, थोड्या वेळाने, "आकडा विचारून ये त्या मुलीला. एकशे बहात्तर यायला हवा."

तेव्हाच उठून जायला हवं होतं मी. गेलो नाही. जित्याची खोड. उद्या, परवा, घाश्या बरा होऊन घरी आला की दोघं मिळून सांगू. घाश्या आठव्या दिवशी गेला.

त्यानंतरही पाच आठवडे घालवले मी. घरापर्यंत जायचो, खिडकीत शिवणयंत्राचा दिवा दिसायचा, परत फिरायचो. मग एका सोमवारी प्रयोगशाळेत गेलो तर ती नवी मुलगी यंत्रात ब जोडी ठेवत होती, चिमट्याने, अगदी घाश्याने शिकवलं तशी. तिने मला विचारलं, "काका, चहा घेणार?" मी नाही म्हटलं, सायकल काढली आणि थेट वहिनींकडे गेलो.

वहिनी दारातच म्हणाल्या, "या भाऊजी. बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानेच सांगितलं. बत्ती, जाळ, न दिसणारी उष्णता, काळा डाग, "थंडच" म्हटलेलं खोटं. शिडीचा पाय माझ्यामुळे मऊ पडला होता आणि तो आधी मोडला, मग लांबू पडला. मी सांगत होतो तेव्हा त्यांच्या हातात कुठल्यातरी ब्लाउजचा गळा होता, शिवायला घेतलेला, त्यावरचा अंगठा तसाच थांबला होता.

मी वाट बघत होतो. शिव्या द्याव्यात, हाकलावं, शेजारी कात्री होती ती फेकून मारावी. माझा जन्मभराचा रागीट स्वभाव, पण त्या क्षणी कोणीतरी माझ्यावर ओरडावं असं इतकं कधीच वाटलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तो वाकला नव्हता?"

"नाही वहिनी. नीट उभा होता."

"पाय चुकला नव्हता त्याचा?"

"नाही. शिडीवर त्याचा पाय कधीच चुकला नाही. मी पाहिलंय."

त्यांनी ते कापड बाजूला ठेवलं, त्याची घडी घातली, घडीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. घाश्याचं राहिलं होतं तेही या वेळी सांगितलं, डाग पाहिल्याचं, अकरा वर्षांच्या सोमवारांचं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेवढंच विचारलं, नीट उभा होता ना, आणि मी पुन्हा हो म्हणालो.

मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही. दाराकडे बघत बोलल्या, जिथे तो नेहमी खांदा आपटायचा.

"अकरा वर्षं मी त्याच्यावर रागावून होते रे."

मी बाहेर पडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या घरात माझं ताट आता नाही, आणि ते बरोबरच आहे. पण परवा रस्त्यावरून जाताना खिडकीतून दिसलं, शिवणयंत्राच्या वर भिंतीला लांबूचा फोटो लावलाय. जरा तिरपाच लागलाय.